बाविसाव्या ओळीतला दोरा

तपासनीसबाईंना त्या पडद्याच्या विणकामातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. दर गुरुवारी दुपारचे दोन तास. वाचनालयाच्या वरच्या खोलीतली एक खुर्ची, जिचा एक पाय आखूड होता आणि त्या पायाखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली होती. एक कप चहा, दोन बिस्किटं. आणि अकरा माणसं, जी त्या आत आल्या की मान वर करून 'आलात का' म्हणत. ही शेवटची बाब सगळ्यात महाग. उरलेल्या सहा दिवसांत हे दोन शब्द त्यांना कोणी म्हणत नसे. घरी त्या स्वतःच स्वतःला म्हणू शकल्या असत्या, पण एकट्या माणसाने या थराला जाऊ नये असं त्यांचं मत होतं.

बदल्यात द्यायचं होतं थोडंच. केसासारख्या बारीक पांढऱ्या सुताचे दोन गुंडे विणून संपवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. त्यातलं विणकाम सोपं होतं.

तोंडाचा इतिहास जुना. बस कंपनीच्या कचेरीत एकतीस वर्षं त्या वेळापत्रकं तपासत होत्या, छापायला जाण्याआधी, एकेक रकाना, एकेक मिनिट. "एक आकडा चुकला की चाळीस माणसं थंडीत कुडकुडत उभी राहतात," हे त्यांचं वाक्य कचेरीत सगळ्यांना पाठ होतं, आणि त्यांच्यामागे सगळे त्यांना 'लालपेन' म्हणत. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, 'तीस वर्षांच्या सेवेनंतर'. बाईंनी हार हातात धरूनच दुरुस्ती केली. टाळ्या जरा उशिरा पडल्या.

तिथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, बहीण पाहुण्यांना वडील कसे गेले ते सांगत होती. "चारचे टोले पडले आणि दादांनी डोळे मिटले." बाई म्हणाल्या, "चार वाजून अकरा मिनिटांनी." बहिणीने हातातला चमचा खाली ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. बाईंनी तो प्रसंग मनाशी पुष्कळदा तपासून पाहिला होता. आकडा दरवेळी बरोबरच निघत होता.

म्हणून या खुर्चीत बसताना त्यांनी ठरवून टाकलं होतं, इथे कोणाची चूक काढायची नाही. काही दिसलं तरी गिळायचं.

वाचनालयाच्या खालच्या दालनाला एक उंच खिडकी होती आणि तिच्यासाठी जाळीचा पडदा विणायचा होता. बारा जणांनी बारा पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टी वीतभर रुंद, तिच्यात एकावर एक अशी चौदा पानं, एका पानाच्या बत्तीस ओळी. आठवड्याला एक पान. शेवटी सगळ्या पट्ट्या जोडायच्या. नक्षी मास्तरीणबाईंची. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण-विणकाम शिकवलं होतं आणि अजूनही खोलीत शिरल्या की लोकांचे पाय आपोआप खुर्चीखाली जात. चौकटीच्या कागदावर त्यांनी स्वतः टोकदार पेन्सिलीने पान काढलं होतं. गोल म्हणजे भोक, तिरकी रेघ म्हणजे दोन टाके एकत्र. भोक पाडलं की एक टाका वाढतो, दोन एकत्र केले की एक कमी होतो. जमा तेवढा खर्च. तपासनीसबाईंना हा धंदा पहिल्याच दिवशी आवडला.

"प्रत्येकाने आपापला कागद सांभाळायचा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हरवला तर दुसरा मिळणार नाही."

"आणि त्यावर चहा सांडला तर?" बेकरीवालीने विचारलं. तिच्या हाताला सदा पिठाचा वास आणि जिभेला सदा खाज.

"तर तुमच्या पट्टीत चहाचं भोक पडेल."

सगळे हसले. तपासनीसबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर कागदावरून खाली उतरली. ती तेविसाव्या ओळीवर थांबली.

पान दोन्ही बाजूंनी सारखं हवं. मधल्या शिरेपासून डावीकडचं भोक तिसऱ्या घरात होतं, उजवीकडचं चौथ्या घरात. टाक्यांची बेरीज जमत होती, त्यामुळे विणताना कोणाला काही कळलं नसतं. फक्त पानाचं टोक उजवीकडे मुरडलं असतं. बाईंनी पुन्हा पाहिलं. मग तोंड उघडलं.

"काय हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," तपासनीसबाई म्हणाल्या. "रेघा फार सुबक आल्यात."

मास्तरीणबाईंचा चेहरा असा काही उजळला की बाईंना वाटलं, खोटं बोलायला आपण तीस वर्षं उशीर केला. एकतीस.

घरी त्यांनी बावीस ओळी विणल्या आणि थांबल्या. जाळीच्या कामात एक सोय असते. विणलेल्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून सुईने एक बारीक दोरा ओवून ठेवायचा. पुढे काही बिघडलं, तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं. टाके तिथे थांबतात, घरंगळत नाहीत. याला आधाराचा दोरा म्हणतात, आणि तो पान पुरं झालं की घालायचा, असं मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं. तपासनीसबाईंनी तो बाविसाव्या ओळीतच घातला. लाल दोरा घातला, कारण त्यांच्या शिवणाच्या डब्यात दुसरा कुठला बारीक दोरा नव्हता. उद्या दुसऱ्या कोणाला चूक दिसली, त्याने सांगितली, तर आपल्याला इथपर्यंत येता यावं. मग त्यांनी तेविसावी ओळ कागदाबरहुकूम, म्हणजे चुकीची, विणली. हाताने लगेच ऐकलं नाही. दोनदा त्याने भोक आपणहून तिसऱ्या घरात पाडलं, आणि दोन्ही वेळा बाईंनी ते सोडवून चौथ्यात नेलं.

पुढचे आठवडे छान गेले. सकाळी खिडकीपाशी बसून त्या ओळी मोठ्याने म्हणत, "दोन एकत्र, धागा पुढे, तीन सुलट." दिवसभरात घरात ऐकू येणारा माणसाचा आवाज तो एवढाच. बुधवारी तो जरा चढा असे. गुरुवारी त्या अर्धा तास आधीच वाचनालयात पोचत आणि खालच्या दालनात बसून राहत. तिथे उंच खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक पेपरवाले आजोबा रोज येत. मफलर, जाड भिंग, आणि एकच पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी आणि बाईंनी एकमेकांना कधी विचारपूस केली नव्हती. एकदा बाईंचा गुंडा घरंगळत त्यांच्या बुटाशी गेला तेव्हा त्यांनी तो पायाने हळूच परत ढकलला होता, एवढीच ओळख.

वर मात्र बाई दुसऱ्याच्या मांडीवरच्या विणकामाकडे चुकूनही बघत नसत. बघितलं की दिसणार, दिसलं की जीभ हलणार. त्या चेहऱ्यांकडे बघत. बेकरीवालीच्या जावयाची गोष्ट त्यांनी चार वेळा ऐकली. चारही वेळा त्याचा पगार वेगळा होता, आणि बाईंनी चारही वेळा "हो का" म्हटलं. घरी जाताना आपण आता माणसांत आलो असं त्यांना वाटे.

शिवाय जाळीचं काम सुयांवर असताना ओळखू येत नाही. धुऊन, टाचण्या लावून, ताणून वाळवलं नाही तोवर ते चुरगळलेल्या रुमालासारखं दिसतं.

पंधराव्या गुरुवारी सगळी टेबलं जोडली, त्यांवर ओल्या चादरी पसरल्या आणि बाराही पट्ट्या शेजारी शेजारी टाचल्या. ताण बसला तशी पानं उलगडायला लागली. खोली गप्प झाली, खूश होऊन गप्प. मग धाकटी, जी दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायची आणि या मंडळीत सगळ्यांत लहान होती, टेबलाच्या टोकाशी वाकली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमची पानं अशी का?"

अकरा पट्ट्यांची पानं ताठ उभी होती. बाराव्या पट्टीतली चौदाही पानं उजवीकडे मुरडली होती, तेवढ्याच पट्टीला वारा लागल्यासारखी.

तपासनीसबाईंनी एकदा आपल्या पट्टीकडे पाहिलं आणि एकदा बाकीच्यांकडे. पंधरा आठवड्यांत पहिल्यांदाच.

"अगं बाई," बेकरीवाली म्हणाली. "यांना कोणी सांगितलंच नाही की काय?"

मग उलगडा झाला. दोन पानं झाल्यावर धाकटीने आपली पट्टी घरी सहज धुऊन ताणून पाहिली होती. चूक तिला दिसली. ती मास्तरीणबाईंना एकटीला भेटून बोलली, मास्तरीणबाईंनी त्याच दिवशी सगळ्यांना फोनवरच्या गटात निरोप टाकला, आणि सगळ्यांनी गुपचूप घरी उसवून पुन्हा विणलं. गुरुवारी कोणी विषय काढला नाही. मास्तरीणबाईंना कशाला ओशाळं करा. तपासनीसबाईंचा फोन बटणांचा, त्या गटात नव्हत्या. यांना कोणीतरी सांगा, असं प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं होतं.

"मला वाटलं तू सांगितलंस."

"मी कशाला? तुम्ही शेजारी बसता ना त्यांच्या."

"मी म्हटलं यांना काय सांगायचं, यांना आमच्याआधी दिसलं असेल," बेकरीवाली म्हणाली, आणि तिने तपासनीसबाईंचा हात आपल्या पिठाच्या हातांत घेतला. "आमचं चुकलं हो. चौदा पानं... काय वाटलं असेल तुम्हाला. बसा, चहा घ्या आधी."

कोणीतरी खुर्ची पुढे केली. कोणीतरी तीन बिस्किटं ठेवली. धाकटीचे डोळे पाणावले होते. सगळी खोली त्यांची देणेकरी झाली होती, आणि बाईंना गेल्या सहा वर्षांत इतकी ऊब लागली नव्हती. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तर त्या आता पारंगत होत्या. चहाचे दोन घोट त्यांनी त्या उबेत घेतले.

मास्तरीणबाई मात्र अजून टेबलाशीच होत्या. नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा पट्टीला टेकेल इतक्या वाकल्या होत्या.

"हा लाल दोरा कसला?" त्या म्हणाल्या.

टाचणीच्या टोकाने त्यांनी तो जरासा उचलून पाहिला.

"आधाराचा दोरा दिसतोय. पण हा बाविसाव्या ओळीत आहे." त्यांनी नखाने ओळी मोजल्या. "बाविसाव्या ओळीत कोणी आधाराचा दोरा घालत नाही. आणि चूक तेविसावीत."

"ओळ मोजताना चुकल्या असतील मावशी," धाकटी पटकन म्हणाली. "बत्तिसावी समजून घातला असेल. हो ना, मावशी?"

दार उघडं होतं. 'हो' म्हटलं की बाहेर. एक अक्षर.

"मी मोजण्यात चुकत नाही," तपासनीसबाई म्हणाल्या.

कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. तो त्यांचाच होता.

"म्हणजे दिसलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पहिल्याच दिवशी. कागद हातात आला तेव्हा."

"आणि तुम्ही म्हणालात, रेघा सुबक आल्यात."

"त्या आल्याच होत्या."

बेकरीवालीने आपला हात काढून घेतला. रागाने नव्हे. हात तिथे का आहे हे तिला एकदम आठवेनासं झालं, असं काहीसं.

"आम्ही दोन दोन पानं उसवली," ती म्हणाली. "आमच्या दोऱ्याचा काही उपयोग नाही, तो चुकीच्या वरच. पार मुळापासून उसवावं लागलं. मी पहाटे भट्टी पेटवून विणत होते. तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

चौसष्ट ओळी, अकरा माणसं. सातशे चार, बाईंच्या डोक्यात आकडा आपोआप उतरला.

"मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही," त्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या.

"आवडलं नसतंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "शाळेत एका मुलीने माझी चूक काढली होती, तिला मी तासभर बाकावर उभी केली होती." त्यांनी आपले हात टेबलावर ठेवले. बोटांची पेरं सुपारीएवढी फुगलेली होती. "आवडलं नसतं, पण ही बोटं वाचली असती. ती चौसष्ट ओळी पुन्हा विणायला मला तीन आठवडे लागले. बरणीचं झाकण उघडत नव्हतं. शेजारणीकडून उघडून घेत होते."

आकडा यावेळीही बरोबर होता.

पडदा मंगळवारी लावायचा होता. नवी पट्टी विणायला वेळ नव्हता. अकराच जोडायच्या असं ठरलं. कोणी बाईंना जा म्हटलं नाही आणि कोणी थांबा म्हटलं नाही. त्यांनी आपली पट्टी ओलीच गुंडाळली, पिशवीत टाकली. जिन्यावर खालपर्यंत त्यांना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता.

मंगळवारी त्या लांबून बघून आल्या. पडदा सुंदर दिसत होता. अकरा पट्ट्या, आणि खिडकीच्या कोपऱ्याकडच्या बाजूला वीतभर उघडी काच.

घरी त्यांनी पट्टी टेबलावर घेतली, टोक सोडलं आणि ओढायला सुरुवात केली. चौदा आठवड्यांचं काम पाऊण तासात सुटलं. लाल दोऱ्यापाशी येऊन सूत थांबलं, आणि एकेचाळीस टाके त्या दोऱ्यावर एका रांगेत उभे राहिले, थांब्यावर बसची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. कुरळं झालेलं सूत त्यांनी धुतलं, वाळवलं, पुन्हा गुंडा केला. कोणी सांगितलं नव्हतं. पडद्याला त्यांची पट्टी हवी आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी त्यांनी तेविसावी ओळ घेतली, आणि यावेळी भोक तिसऱ्या घरात पाडलं.

तेरा पानं आणि दहा ओळी. चारशे सव्वीस ओळी. पाच गुरुवार गेले. फोन एकदाही वाजला नाही. वाजला असता तरी त्यांनी काय सांगितलं असतं? ओळी म्हणायचा आवाजही त्यांनी सोडून दिला होता. आता त्या मनातच मोजत. एका सकाळी बहिणीचा नंबर त्यांनी अर्धा दाबला. तिला काय सांगायचं ते ठरलं होतं, 'चारलाच गेले असतील गं.' पण ते गेले चार वाजून अकरा मिनिटांनी, आणि हे खोटं पहिल्याच वाक्यात सापडलं असतं. त्यांनी फोन ठेवला.

सहाव्या गुरुवारी त्या वेळेवर गेल्या, अर्धा तास आधी नाही. वरच्या खोलीत अकरा माणसं होती. मान सगळ्यांनी वर केली. 'आलात का' कोणी म्हटलं नाही. त्यांची खुर्ची भिंतीशी होती. ती ओढून त्या बसल्या तशी खुर्ची डुगडुगली. पायाखालचा पुठ्ठा कोणीतरी केर काढताना टाकून दिला होता.

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मास्तरीणबाईंनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि चौदाही पानं एकेक करून पाहिली. अर्ध्यात एकदा थांबल्या. मग बोट पुढे सरकलं.

"लाल दोरा काढला नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"राहू द्या म्हटलं."

"दिसेल तो."

"दिसू दे."

मास्तरीणबाईंनी तो काढला नाही. त्यांनी पट्टी घडी करून बाजूला ठेवली आणि पिशवीतून चौकटीचा कागद काढला. टेबलपोशाची नवी नक्षी, अजून कोणाला वाटलेली नव्हती. तो त्यांनी टेबलावरून सरळ तपासनीसबाईंकडे सरकवला आणि स्वतः चष्मा पुसायला घेतला.

खोलीतल्या सुया थांबल्या. बाईंनी कागद वाचला, वरून खाली, घर न घर. खुर्ची डुगडुगत होती.

"नवव्या ओळीत," त्या म्हणाल्या, "एक भोक जास्त आहे."

मास्तरीणबाईंचे ओठ घट्ट मिटले. बाकावर उभं करायची वेळ आली असती तर ती हीच. मग त्यांनी पेन्सिल घेतली, सुजलेल्या बोटांनी जरा वेळ लावून गोल खोडला आणि "हं" म्हणाल्या. त्या दुपारी त्या बाईंशी पुन्हा बोलल्या नाहीत. बाकीचेही फारसं बोलले नाहीत. जावयाची गोष्ट झाली, पण ती दुसऱ्या बाजूला तोंड करून. फक्त चहाच्या वेळी बेकरीवाली उठली, बिस्किटांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं, त्याची घडी केली आणि वाकून खुर्चीच्या पायाखाली सरकवली. वर बघितलं नाही. एक कप, दोन बिस्किटं. तिसरं नाही.

पट्टी त्याच आठवड्यात जोडली गेली. पुढच्या गुरुवारी तपासनीसबाई पुन्हा अर्धा तास आधी जाऊन खालच्या दालनात बसल्या. पडदा आता खिडकीभर होता. पानांच्या सावल्या जमिनीवर सरळ पडल्या होत्या. कोपऱ्यात पेपरवाले आजोबा खुर्ची थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवत होते. काही केल्या त्यांचं बस्तान बसत नव्हतं. शेवटी त्यांनी मफलर आवळला आणि पेपरवरून बाईंकडे पाहिलं.

"ती फट तुम्ही बुजवलीत का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरी होती," आजोबा म्हणाले. "पडदा लागल्यापासून तिच्यातूनच तेवढं पाठीला ऊन लागत होतं." आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

बाई वर गेल्या नाहीत लगेच. घड्याळात अजून पंचवीस मिनिटं बाकी होती, ती त्यांनी बेरजेत घालवली. त्यांना मिळाली एक खुर्ची, पुठ्ठ्यासकट. त्यासाठी त्यांनी भरल्या चारशे सव्वीस ओळी, पाच गुरुवार आणि तिसरं बिस्किट. अकरा जणांनी भरल्या सातशे चार. त्यांतल्या चौसष्ट दुखऱ्या बोटांच्या, म्हणून त्या दुप्पट धरायला हव्यात. आणि या कोपऱ्यातल्या माणसाने, ज्याने एक टाकाही विणला नव्हता, कोणाची चूक काढली नव्हती की लपवली नव्हती, त्याने आपलं वीतभर ऊन भरलं.